वजन खरं सांगा, पंख मापाचा घ्या

(आमच्या सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मागच्या एका भागात आम्ही तिघीजणी कामशेतला जाऊन उडायला कशा शिकलो, ते सांगितलं होतं. त्यावर चिठ्ठ्या आल्या, फोन आले. त्यातली एक चिठ्ठी गडहिंग्लजकडच्या काकूंची. त्या लिहितात, "माझी लेक सव्वीस वर्षांची आहे. वजन ब्याण्णव किलो. तिला उडायला शिकायचं आहे. घरातले हसतात, म्हणतात तुला उचलायला क्रेन लागंल. तिनं शिकावं का? आणि शिकली तर ग्लायडर कसलं घ्यावं?"

काकू, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. शिकावं. ब्याण्णव किलोचं माणूस उडतं, शंभर किलोचंही उडतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा मोठं आहे, म्हणून आजचं सगळं बोलणं त्याच्यावर. कारण पंख आपल्या वजनाच्या मापाचा नसला, तर हसणाऱ्यांचं काही जात नाही, आपल्या पोरीचा पाय मोडतो किंवा त्याहून वाईट घडतं.

आमची ओळख थोडक्यात. आम्ही तिघी कोल्हापूरच्या. एक शाळेत शिकवते, एक बँकेत आहे आणि तिसऱ्या आमच्या आक्का, त्यांच्या घरी गुळाची अडत आहे. वजनं अनुक्रमे ५४, ७१ आणि ८८ किलो. आक्कांनी आपला आकडा रेडिओवर सांगायला परवानगी दिली आहे. त्या म्हणाल्या, "सांगा की. यार्डात रोज काट्यापुढं उभी असते मी, आकड्याला काय लाजायचं?" एकाच डोंगरावर, एकाच दुपारी आम्ही तिघी तीन वेगवेगळ्या मापांच्या पंखांखाली उडलो. म्हणून हा विषय आम्हाला नीट समजला.

आधी यंत्रं दोन आहेत, ते लक्षात घ्या. पहिलं हँग ग्लायडर. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, आकार मोठ्या बाणाच्या टोकासारखा. त्याखाली आपण हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या झोळीत, पालथं लोंबकळायचं आणि पुढचा दांडा धरून अंग इकडंतिकडं सरकवायचं. अंग डावीकडं नेलं की पंख डावीकडं वळतो. दुसरं पॅराग्लायडर. त्यात सांगाडाच नाही, नुसतं कापड आणि बारीक दोऱ्या. हवा भरली की कापडाचा पंख होतो, उतरल्यावर घडी घालून पाठीवरच्या पिशवीत बसतो. आपल्याकडं, म्हणजे कामशेत, पाचगणी या भागात, शिकायला सहज मिळतं ते पॅराग्लायडिंग. हँग ग्लायडर क्वचित दिसतं. त्याची घडीसुद्धा पाच-सहा मीटर लांब होते, गाडीच्या टपावर बांधून न्यावी लागते. पण ज्यांना तेच शिकायचं आहे त्यांच्यासाठी दोन्हींबद्दल सांगतो. वजनाचा नियम दोघांनाही सारखाच.

मध्येच एक गोष्ट. ह्या दोन्ही यंत्रांचं मूळ एका स्वयंपाकघरात आहे. अमेरिकेत फ्रान्सिस रोगालो नावाचे एक अभियंता होते. सांगाडा नसलेला, कापडाचा लवचीक पंख त्यांच्या डोक्यात होता. १९४८ साली त्यांनी तो करून पाहिला. कापड कुठलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा. आणि शिलाई कुणाची, तर त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांची, घरच्या मशिनीवर. त्या पंखाचं पेटंट दोघांच्या नावावर निघालं. पुढं १९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावच्या जॉन डिकन्सन यांनी त्या जातीच्या पंखाला माणूस टांगायची सोय आणि धरायचा दांडा जोडला, आणि आजचं हँग ग्लायडर आकाराला आलं. तेव्हा "हे बायकांचं काम नव्हं" असं कुणी म्हणालं, तर पडद्याची ही गोष्ट सांगा.

आता वजनाकडं येऊ.

लोकांची समजूत अशी, की जड माणूस पंखाखाली दगडासारखा खाली येतो आणि हलका माणूस लांब जातो. हे खरं नाही. पंख तोच असेल, तर हलकी आणि जड दोघीही एकाच डोंगरावरून साधारण तेवढ्याच लांब जातात. फरक एवढाच, की जड बाई तिथं लवकर पोहोचते. तिचा सगळा वेग वाढतो. पुढं जाण्याचा वेग वाढतो, खाली येण्याचा वाढतो, आणि ज्या किमान वेगाखाली पंख हवा सोडतो, म्हणजे ज्याला स्टॉल म्हणतात, तो वेगही वाढतो.

किती वाढतो? वजन दुप्पट झालं म्हणून वेग दुप्पट होत नाही. तो वजनाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. आमचंच उदाहरण घ्या. सगळ्या सामानासकट आमच्या शिक्षिकाबाईंचं वजन भरलं ७२ किलो आणि आक्कांचं १०७. म्हणजे जवळजवळ दीडपट. दोघींना एकाच मापाचा पंख दिला असता, तर आक्कांचा वेग साधारण २२ टक्क्यांनी जास्त झाला असता. बाई ताशी २० किलोमीटरच्या वेगानं जमिनीला टेकल्या असत्या, तर आक्का ताशी २४ पेक्षा जास्त वेगानं. चार किलोमीटरचा फरक ऐकायला लहान वाटतो. पण टेकताना तो वेग आपल्याच पायांनी धावून जिरवायचा असतो. वजन दीडपट आणि वर वेगही जास्त, म्हणजे गुडघ्यांना, घोट्यांना जिरवावी लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त होते. उड्डाण करतानाही तेच. उतारावर धावत सुटायचं आणि पंखानं उचलेपर्यंत धावत राहायचं. किमान वेग वाढला की जास्त जोरात आणि जास्त लांब धावावं लागतं. नवशिक्या बाईची दमछाक होते, ती मध्येच बसकण मारते आणि मार बसतो तो माकडहाडाला.

आता तिच्या मापाचा मोठा पंख दिला, तर काय होतं? पंखाच्या दर चौरस मीटरवर येणारं वजन दोघींचं सारखं होतं. मग वेगही सारखा. आक्का बाईंच्याच वेगानं सावकाश उतरतात. म्हणजे खोट आक्कांच्या वजनात नव्हतीच, प्रश्न मापाचा होता. पायाचा पंजा मोठा म्हणून चप्पल चावली, तर आपण पाय कापत नाही, मोठ्या मापाची चप्पल घेतो. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

मग "मोठ्यात मोठा पंख घ्या की" असं कुणी म्हणेल. तेही चुकीचं. मापापेक्षा मोठ्या पंखाखाली माणूस हलका पडतो. पंख सावकाश चालतो, समोरून वारा वाढला तर पुढं जाण्याऐवजी मागं ढकलला जातो. डोंगराच्या मागच्या बाजूला ढकललं जाणं हा या खेळातला मोठा धोका आहे. पॅराग्लायडरचं कापड हलक्या भारानं नीट ताणलं जात नाही, खळबळीच्या हवेत ते चटकन दुमडतं. हँग ग्लायडरमध्ये तर आपलं वजन हेच सुकाणू. मोठ्या पंखाखाली हलकी बाई कितीही सरकली, तरी तो मनासारखा वळत नाही. शिवाय मोठं हँग ग्लायडर स्वतःच जड. साधं शिकाऊ ग्लायडर २० ते ३० किलोचं असतं, ते खांद्यावर तोलून उतारावर उभं राहायचं असतं. त्यामुळं फार मोठं नको, फार लहान नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. वजनाचे आकडे तीन असतात आणि घोटाळा तिथंच होतो.

पहिला आकडा अंगाचं वजन. सकाळी घरच्या काट्यावर दिसतं ते.

दुसरा आकडा हँग ग्लायडरसाठी. त्याला टांगलेलं वजन म्हणू. अंगाचं वजन, कपडे, बूट, हेल्मेट, हार्नेस, रिझर्व्ह पॅराशूट, पाण्याची बाटली. म्हणजे पंखाला जे जे टांगलं जातं ते सगळं, पण पंखाचं स्वतःचं वजन धरायचं नाही.

तिसरा आकडा पॅराग्लायडरसाठी. उड्डाणाचं एकूण वजन. ह्यात वरचं सगळं आणि शिवाय पंखाचंही वजन धरायचं.

आक्कांचा हिशेब असा. अंगाचं वजन ८८. कपडे आणि बूट अडीच किलो. हेल्मेट एक. पाठीला गादी असलेलं हार्नेस पाच. रिझर्व्ह पॅराशूट अडीच. पंख सहा. वॉकी-टॉकी, पाणी, किरकोळ सामान दोन. बेरीज १०७. हँग ग्लायडरचा हिशेब केला, तर त्याचं हार्नेस जरा जड, सात किलो धरा, रिझर्व्ह तीन, कपडे-बूट अडीच, हेल्मेट एक, पाणी वगैरे दीड. बेरीज १०३. काकू, तुमच्या लेकीसाठी दोन्हीकडं चार किलो वाढवा. १११ आणि १०७.

पण हे अंदाज झाले. खरं वजन करायचं तर सगळा साज अंगावर चढवून, पंखाची पिशवी पाठीला लावून मोठ्या काट्यावर उभं राहा. घरचा काटा एवढ्याला पुरत नाही. आक्का सरळ यार्डात पोत्यांच्या काट्यावर उभ्या राहिल्या. हमाल हसले, मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, "वहिनी, आता पावती फाडू का?" वजन मात्र अचूक मिळालं.

आता हा आकडा घेऊन पंखाच्या पट्टीकडं बघा. प्रत्येक पॅराग्लायडरवर एक छापील पट्टी शिवलेली असते. तिच्यावर माप, किमान आणि कमाल वजन आणि चाचणीचा वर्ग लिहिलेला असतो. युरोपातल्या ईएन मानकाप्रमाणं चार वर्ग असतात, ए, बी, सी आणि डी. ए म्हणजे सगळ्यात शांत, चूक झाली तरी सावरून घेणारा. शिकणाऱ्यानं एच घ्यावा. डी स्पर्धेतल्या मुरलेल्या लोकांसाठी. ही चाचणी करताना पट्टीवरच्या किमान आणि कमाल अशा दोन्ही वजनांना पंख उडवून बघतात. त्याच्या बाहेरच्या वजनाला तो कसा वागेल, हे कुणी तपासलेलं नसतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाच-सात किलो जास्त झाले म्हणून पंख फाटून जाईल, असं नाही. मजबुतीच्या चाचणीत कमाल वजनाच्या आठपट भार त्याला पेलून दाखवावा लागतो. दोऱ्या तुटण्याची भीती नाही. भीती वागण्याची आहे. जास्त वजनाखाली पंख चपळ होतो, वळणं अंगावर येतात, दुमडला तर झटक्यानं फिरतो. ए वर्गाचा शांत पंख मग ए सारखा राहत नाही. आणि शिकणाऱ्याला नेमका तो शांतपणाच हवा असतो.

म्हणून पहिला पंख असा निवडा, की आपलं एकूण वजन पट्टीवरच्या दोन आकड्यांच्या साधारण मधोमध येईल. समजा आक्कांच्या १०७ साठी तीन पंख समोर आहेत. एकावर ८० ते १००, दुसऱ्यावर ९५ ते १२०, तिसऱ्यावर १०५ ते १३०. पहिल्यात आक्का सात किलो बाहेर. तिसऱ्यात अगदी तळाला. दुसरा बरोबर. काकूंच्या लेकीच्या १११ लाही दुसराच बरा. आणि वरच्या बाजूला थोडी जागा राहते, ती बरी. थंडीत जाडसर जाकीट आलं, वजन दोन किलो इकडंतिकडं झालं, तरी आपण मापातच राहतो.

आता एक अनुभव. आक्कांनी जुना पंख विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा एक विक्रेता भेटला. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. पंखाच्या पट्टीवर ७० ते ९० असं होतं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही अठ्ठ्याऐंशी आहात ना? मग बसतंय की. दोन किलो शिल्लकच आहेत." भावही बरा होता. आक्कांनी विचारलं, "हे नव्वद अंगाचं का सगळ्या सामानासकट?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "थोडं पुढंमागं चालतंय." आक्का म्हणाल्या, "दादा, आमच्याकडं ढेपेचं वजन थोडं पुढंमागं झालं तरी गिऱ्हाईक भांडतंय. हितं तर माझा जीव आहे." पंख तिथंच राहिला. मैत्रिणींनो, हाच प्रश्न तुम्ही विचारायचा. अंगाचं की सगळ्या सामानासकट?

हँग ग्लायडर घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथं माप बहुतेक पंखाच्या क्षेत्रफळावरून सांगतात, तेही चौरस फुटांत. उदाहरणार्थ, फाल्कन नावाचं अमेरिकी बनावटीचं प्रसिद्ध शिकाऊ ग्लायडर १४५, १७० आणि १९५ अशा मापांत आलं. आकडा चौरस फुटांचा. दोघांनी मिळून उडायचं त्याहून मोठं, २२५ चं. वजनदार शिकणाऱ्याची नजर साहजिकच मोठ्या मापाकडं जाते. पण निव्वळ क्षेत्रफळ बघून ठरवू नका. प्रत्येक मापासाठी कारखान्यानं टांगलेल्या वजनाची मर्यादा दिलेली असते, ती वाचा. दुसरं म्हणजे पंख एकेरी कापडाचा घ्या. दुहेरी कापडाचे पंख वेगवान असतात, उतरताना लांबवर तरंगत जातात, नवशिक्याच्या हातात मैदान संपतं आणि पंख अजून हवेतच असतो. मापात बसतंय म्हणून दुहेरी कापडाचं मोठं ग्लायडर कुणी गळ्यात मारत असेल, तर घेऊ नका. तिसरं, उंची. उंच बाईला पुढच्या दांड्याची चौकट बुटकी पडली, तर उतरताना पाय ओढले जातात. चौकट उंचीच्या मापाची आहे का, ते उभं राहून बघा.

पंख मापाचा झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. दोन गोष्टी उरतात, आणि वजनदार बाईच्या बाबतीत त्याच हमखास विसरल्या जातात.

एक, रिझर्व्ह पॅराशूट. पंखाचं काही बिघडलं तर फेकायची छत्री. तिलाही वजनाची स्वतंत्र मर्यादा असते. ईएन मानकाप्रमाणं कमाल वजनाला ती सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा जास्त वेगानं खाली येता कामा नये. साडेपाच मीटर म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यासारखं. आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याच्या जवळजवळ दुप्पट उंची. मुरगळेल, पण निभावेल. त्याच छत्रीला वीस टक्के जास्त वजन टांगलं, तर वेग सहावर जातो आणि उडीची उंची होते १८५ सेंटीमीटरच्या आसपास. पुरुषभर उंचीवरून पडल्यासारखं. म्हणून पंख मोठा घेतला आणि छत्री मात्र मैत्रिणीची लहान मापाची वापरली, असं करू नका.

दोन, हार्नेस. हे अंगाला बसलं पाहिजे. बायकांची कंबर आणि मांड्या पुरुषांच्या मापात बसत नाहीत. मांडीचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढून कसेबसे लागत असतील, तर ते माप आपलं नव्हे. विकत घेण्याआधी हार्नेस आढ्याला किंवा मजबूत हुकाला टांगून त्यात निदान अर्धा तास बसा. पाय बधिर होतात का, छातीचा पट्टा काचतो का, हात सहज वर जातात का, छत्रीची मूठ हाताला लागते का, ते बघा. आणि मांडीचे पट्टे लावले का, हे प्रत्येक उड्डाणाआधी स्वतः हात लावून तपासा. पट्टे न लावता सुटल्यामुळं जगभर माणसं गेली आहेत.

जुना पंख घेताना कापडाचं वय बघा. ऊन हा कापडाचा शत्रू. बहुतेक कारखाने दोन वर्षांनी किंवा शंभर तासांनी तपासणी करायला सांगतात. कापडातून हवा किती झिरपते आणि दोऱ्यांची ताकद किती उरली, ते मोजता येतं. त्या तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर घासाघीस करत बसू नका, उठून या. हँग ग्लायडर असेल तर वाकलेली नळी, गंजलेली तार, पिळलेला बोल्ट बघा.

आता हवेबद्दल दोन वाक्यं, कारण वजनाशी तिचा संबंध आहे. उंचावर आणि उन्हाळ्यात हवा विरळ असते. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर, तीस अंश तापमानात, ती प्रमाण हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ होते आणि आपला सगळा वेग आठ-नऊ टक्क्यांनी वाढतो. पाचगणी तर सुमारे १,३०० मीटरवर आहे. वजनदार बाईचा वेग मुळात जास्त असेल, तर त्यात ही भर पडते. म्हणून सुरुवातीची उड्डाणं थंडीच्या दिवसांत, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर करावीत. कामशेतचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद.

काहीजणी विचारतात, कामशेतला कशाला, आपला पन्हाळा, जोतिबा काय कमी आहे? डोंगर चांगले आहेत, पण पन्हाळा संरक्षित स्मारक आहे. उजळाईवाडीला विमानतळ आहे, त्याच्या आसपासच्या आकाशाला नियम आहेत. राधानगरी-दाजीपूरकडं अभयारण्य. आणि आपल्या भागात खाली काय असतं? ऊस. डोक्याच्या वर गेलेल्या उसाच्या फडात उतरणं म्हणजे पंख दोऱ्यांसकट गुंतून बसणार. तोडणी झालेल्या रानात खोडव्याचे अणकुचीदार बुडखे. वर विजेच्या तारा. तेव्हा परवानगी, शिक्षक आणि मोकळं मैदान असल्याशिवाय गावच्या टेकडीवरून उडी नको.

शिकवणाऱ्यांची निवडही तपासून करा. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद दाखवा म्हणायला संकोच कसला? २०२५ च्या जानेवारीत गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना एक पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट दोघंही मृत्युमुखी पडले. चालवणाऱ्यांकडं परवाना नव्हता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. त्या घरांवर काय ओढवलं असेल, त्याचा विचार करा आणि मग कागद मागा.

शिक्षकाला विचारायचे प्रश्न एवढेच. माझ्या एकूण वजनाला बसेल असा शिकाऊ पंख तुमच्याकडं आहे का? त्या मापाची छत्री आणि हार्नेस आहे का? माझ्या वजनाच्या किती जणांना तुम्ही शिकवलं? पंख नसेल आणि "चालवून घेऊ" असं उत्तर आलं, तर दुसरीकडं जा. चांगला शिक्षक सरळ सांगतो, "तुमच्या मापाचा पंख मागवावा लागेल, पंधरा दिवसांनी या." पंधरा दिवस थांबणं परवडतं.

आणि स्वतःचा पंख घ्यायची घाई करू नका. पहिला अभ्यासक्रम शाळेच्या पंखावर पुरा करा. आपल्याला हे आवडतं का, झेपतं का, ते कळतं. शिक्षकालाही आपली धाव, आपला हात समजतो. मग त्याच्या सल्ल्यानं पंख घ्या. आक्कांनी तसंच केलं.

धावण्याची तयारी मात्र हवी. वजन कितीही असो, उतारावर तीस-चाळीस पावलं जोरात धावता आलं पाहिजे आणि उतरताना गुडघे वाकवून भार घेता आला पाहिजे. आक्कांनी दोन महिने रोज सकाळी रंकाळ्यावर चालणं-धावणं केलं. वजन दीड किलो उतरलं, पण पाय तयार झाले, ते जास्त उपयोगाचं. गुडघेदुखी, रक्तदाब, पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. गरोदरपणात नकोच. आणि उडायचं म्हणून आठ दिवस उपाशी राहून वजन उतरवायचा खुळेपणा करू नका. चक्कर आलेली बाई डोंगराच्या कडेला नको.

शेवटचं सांगणं सगळ्यांसाठी. ज्यांना शिकायचं नाही, नुसतं एकदा पायलटबरोबर जोडीनं उडून यायचं आहे, त्यांच्यासाठीही. अर्जावर वजनाचा रकाना असतो. बऱ्याच ठिकाणी ९० ते १०० किलोच्या आसपास मर्यादा असते. तिथं आपण काय करतो? ७८ असलं तर ७० लिहितो. शेजारी नवरा उभा असतो, नणंद असते, रांगेतली माणसं ऐकत असतात. पण त्या आकड्यावरून पायलट पंख ठरवतो, किती वारा चालेल ते ठरवतो, आधी कुणाला न्यायचं ते ठरवतो. तिथं आठ किलो लपवले, तर ते काट्यावरून जात नाहीत, पायलटच्या हिशेबातून जातात. आणि त्याचा जीव आपल्याच पट्ट्याला बांधलेला असतो.

आपल्या कोल्हापुरात तालमी आहेत. तिथं वजन विचारलं की पैलवान छाती काढून सांगतो, कारण त्याशिवाय त्याचा गट ठरत नाही आणि जोड लागत नाही. आता आपल्या पोरीही मॅटवर उतरतात, वजन देतात, आपल्या गटात लढतात. वजन देण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. तसंच हे. काकू, तुमच्या लेकीला सांगा, ब्याण्णव हा तिचा गट आहे. आकडा खरा सांगायचा, त्या मापाचा पंख, त्या मापाची छत्री, त्या मापाचं हार्नेस मागून घ्यायचं, आणि मिळेपर्यंत जमिनीवर उभं राहायचं. घरातल्यांना वाटलं तर तिच्याबरोबर कामशेतला पाठवा. पहिले दोन दिवस मैदानावर नुसतं कापड वर-खाली करायचं असतं, ते बघायला कुणीही आलेलं चालतं.

अजून काही शंका असतील तर केंद्राच्या पत्त्यावर चिठ्ठी टाका किंवा दुपारच्या वेळी फोन करा. चिठ्ठीत वजन, उंची आणि गुडघ्याची काही तक्रार असेल तर ती लिहा. नाव नाही लिहिलंत तरी चालेल. नमस्कार.